पाहणाऱ्याचे काम : प्रस्तावना

पंगतीत वाढणारी माणसे काय म्हणतात ते आठवून पाहा. भाताचे पातेले घेतलेला माणूस ‘भात, भात’ म्हणत पुढे सरकतो, त्याच्यामागून ‘वरण’ येते, मग ‘तूप’. यातला एकही शब्द प्रश्नाच्या सुरात म्हटलेला नसतो. तरी पानावर बसलेल्या प्रत्येकाला कळते की आपल्याला विचारले आहे. नको असेल तो पानावर हात आडवा धरतो.

आता अशीच वाढायची सवय असलेली एक बाई ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी कँटीनमध्ये उभी आहे. समोरच्याने मांसाचा पदार्थ निवडला की त्यावर रस घालायचा का, हे तिला विचारायचे असते. ती म्हणते, ‘ग्रेव्ही’, आणि सूर खाली उतरतो. इंग्रज कानाला सवय शेवटी वर चढणाऱ्या ‘ग्रेव्ही?’ची. माल चढवण्या-उतरवण्याचे काम करून जेवायला आलेल्या कामगाराला वाटते, ही आपल्या अंगावर खेकसली. वरिष्ठांचे मत बनते की भारत-पाकिस्तानातून आलेल्या या नव्या बायका उर्मट आहेत, सहकार्य करत नाहीत. बायकांनाही लोकांचा तुसडेपणा जाणवतच असतो, आणि हे आपण परक्या आहोत म्हणून चालले आहे, असे त्यांना वाटत असते.

ही नोंद भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांची. मराठी वाचकाला हे नाव परके वाटायचे कारण नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू या भाषा शेजारी शेजारी नांदताना वाक्यरचनेने एकमेकींच्या किती जवळ आल्या, हे १९७१ मध्ये जगापुढे मांडणाऱ्या दोघा अभ्यासकांपैकी ते एक. विमानतळावरच्या कँटीनमधले संवाद ध्वनिमुद्रित करून ते ऐकवले गेले आणि त्यावर चर्चा झाली, तेव्हा गाठ कुठे पडली आहे ते उलगडले. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये औद्योगिक भाषा प्रशिक्षणाची केंद्रे चालत होती. आशियाई कामगारांना कामापुरते इंग्रजी शिकवावे एवढाच त्यांचा मूळ हेतू. कारखान्यांत गेलेल्या शिक्षकांच्या हळूहळू लक्षात आले की वर्गात फक्त कामगारांना बसवून भागणार नाही; मुकादम, पर्यवेक्षक आणि मुलाखती घेणारे साहेबही त्याच बाकावर बसायला हवेत. १९७९ मध्ये गम्पर्झ आणि या केंद्रांतले टॉम जप व सेलिया रॉबर्ट्स यांच्या कामावर बीबीसीने ‘क्रॉसटॉक’ हा कार्यक्रम केला.

कामाच्या ठिकाणचा वंशभेद ओळखायला आणि त्याला तोंड द्यायला कर्मचाऱ्यांना शिकवणे, या विषयात मराठीतून प्रथमच पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे मी या गोष्टीने स्वागत करते, कारण ती सोपी आहे आणि फसवीही आहे. सोपी अशासाठी, की शिकवण्याने खरोखर काहीतरी बदलू शकते हे ती दाखवते. फसवी अशासाठी, की सगळा वंशभेद हा सुरांचा गैरसमज आहे, दोन्ही बाजूंनी कान उघडले की संपला, असे तिच्यामुळे वाटू लागते. तसे ते नाही. बर्मिंगहॅममध्ये राहून हा विषय शिकणाऱ्याला तसे फार दिवस वाटतही नाही.

शहराला पश्चिमेकडून चिकटून स्मेदिक आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत तिथल्या फाउंड्रींमध्ये पंजाबातून आलेले हजारो कामगार राबत होते. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना फाउंड्री म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही: वाळूचे साचे, वितळलेले लोखंड, नाकातोंडात जाणारी धूळ. इथे सर्वांत जड आणि सर्वांत घाण काम आशियाई आणि कॅरिबियन कामगारांच्या वाट्याला येई. काही कारखान्यांत संडासही वेगळे होते, गोऱ्यांचे निराळे आणि आशियाई कामगारांचे निराळे. पाळी संपवून पबमध्ये गेले तर काही खोल्यांत त्यांना बिअर मिळत नसे. यात सुराचा गैरसमज कुठेच नव्हता. प्रत्येकाला सगळे स्पष्ट कळत होते.

१९५८ मध्ये जालंधर जिल्ह्यातून आलेले अवतार सिंग जौहल या फाउंड्रींत काम करता करता इंडियन वर्कर्स असोसिएशनचे पुढारी झाले. १९६४च्या निवडणुकीत स्मेदिकमध्ये पीटर ग्रिफिथ्स स्थलांतरितांविरुद्धच्या उघड प्रचारावर निवडून आले. तिथल्या मार्शल स्ट्रीटवरची रिकामी होणारी घरे नगरपालिकेने विकत घेऊन फक्त गोऱ्यांना द्यावीत, अशी मागणी रहिवाशांनी केली. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे नेते माल्कम एक्स त्या रस्त्यावरून चालत गेले, तेव्हा त्यांना तिथे बोलावणाऱ्यांत जौहल होते. नऊच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम यांची हत्या झाली. ही हकीकत अनेकांना माहीत असते. माझ्या दृष्टीने जौहल यांच्या आयुष्यातली त्याहून मोलाची गोष्ट पुढची आहे. हाच फाउंड्री कामगार नंतर साउथ बर्मिंगहॅम कॉलेजात कामगार चळवळीचे शिक्षण देणारा अध्यापक झाला. २०२२ मध्ये ते गेले. आज ज्याला आपण वंशभेदविरोधी प्रशिक्षण म्हणतो, त्याचा या शहरातला एक उगम एचआर विभागात नसून इथे आहे. ज्यांनी सोसले त्यांनीच पाहायला शिकवले, आणि आधी एकमेकांना शिकवले.

इथे मुंबईची आठवण येणे अपरिहार्य आहे. कापडगिरण्यांत सूतकताईच्या खात्यांत दलित कामगारांना काम मिळे, पण जास्त मजुरीच्या विणाई खात्यात, म्हणजे मागांवर, गिरणीच्या बोलीत साच्यांवर, त्यांना घेत नसत. कारण सांगितले जाई ते असे, की धोट्यातून धागा ओढून घेताना त्याला तोंड लावावे लागते, आणि दलिताचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार हातात घेणार नाही. हा नियम मालकाच्या कोणत्याही वहीत लिहिलेला नव्हता. तो शेजारच्या साच्यावरच्या कामगाराने पाळला, कामगार भरणाऱ्या जॉबरने पाळला आणि संघटनेने खपवून घेतला. १९२८च्या प्रचंड संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. त्याच्या अकरा वर्षे आधी, १९१७ मध्ये, बडोदा संस्थानच्या कचेरीत परदेशातून शिकून आलेल्या याच माणसाच्या टेबलावर शिपाई लांबूनच फायली टाकत होते. धोटा आणि फाइल या दोन वस्तू मी या अभ्यासात सतत जवळ ठेवते. स्मेदिकच्या संडासांविषयी वाचताना मराठी वाचकाला जे कळते, ते समजून घ्यायला त्याला कोणत्याही परदेशी सिद्धान्ताची गरज लागू नये.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो इतरत्र सहज मिळतो. ब्रिटनमधला पहिला वंशसंबंध कायदा १९६५चा. त्याने हॉटेले, पब, वाहने अशा सार्वजनिक जागांपुरती बंदी घातली. नोकरी आणि घर बाहेरच राहिले. मग १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी एक साधी युक्ती केली. एकाच नोकरीसाठी तीन उमेदवार पाठवले: एक इंग्रज, एक हंगेरियन, एक काळा किंवा आशियाई. पात्रता सारखीच. कोणाला दारातून परत पाठवले जाते ते मोजले, आणि ‘परका म्हणून घेत नाहीत, रंग पाहून नव्हे’ हा युक्तिवाद हंगेरियन माणसाने उघडा पाडला. त्या पुराव्याच्या बळावर नोकरी आणि घरे यांना लागू होणारे विधेयक १९६८ मध्ये संसदेत आले. त्याच विधेयकाला विरोध करायला खासदार इनॉक पॉवेल २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅमच्या मिडलंड हॉटेलात उभे राहिले. त्यांचे भाषण ‘रक्ताच्या नद्या’ म्हणून जगभर गाजले. ते भाषण मुळात कोणत्या कायद्याविरुद्ध होते, हे मात्र लोक विसरतात. नोकरी किंवा घर मागायला आलेल्या माणसाला रंग पाहून परत पाठवू नये, एवढेच तो कायदा सांगत होता. भाषण गाजले आणि कायदाही झाला. १९७६ मध्ये तो अधिक व्यापक झाला, आणि आज २०१०च्या समता कायद्यात सामावला आहे.

आणि १९६७ची ती चाचणी? कागदावर केलेल्या तशाच चाचणीचे निष्कर्ष ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. सुमारे ३,२०० अर्ज पाठवले होते. शिक्षण आणि अनुभव सारखे, नावे वेगळी. बहुसंख्य गटातल्या अर्जदारांपैकी २४ टक्क्यांना अनुकूल उत्तर आले, अल्पसंख्याकांपैकी १५ टक्क्यांना. म्हणजे दुसऱ्या गटाला तेवढ्याच उत्तरांसाठी ६० टक्के जास्त अर्ज करावे लागतात. २०२१च्या जनगणनेनुसार बर्मिंगहॅमच्या सुमारे ११ लाख ४५ हजार लोकसंख्येत गोरे लोक ४८.६ टक्के आहेत, आशियाई वंशाचे ३१ टक्के. रस्त्यावर आपण एवढे दिसतो म्हणून कचेरीतला प्रश्न सुटला असेल, असे नव्या मराठी कुटुंबांना वाटते. मलाही वाटले होते.

प्रशिक्षण या शब्दाला इथे वाईट दिवसही आले, आणि ते का आले हे विद्यार्थ्याने पहिल्याच महिन्यात वाचावे. १९७८ मध्ये अमेरिकेत ज्युडी कॅट्झ यांचे गोऱ्यांनी स्वतःतला वंशद्वेष तपासावा असे सांगणारे पुस्तक आले. १९८१च्या दंगलींनंतर ब्रिटनमधल्या नगरपालिकांत आणि कल्याण खात्यांत त्या पद्धतीची शिबिरे पसरली. एका खोलीत बसून आपल्या मनातले विष कबूल करायचे, रडायचे, बाहेर पडायचे. १९८५ मध्ये एक लेख लिहून या पद्धतीवर सर्वांत जबर घाव घातला तो एका वंशभेदविरोधी लढवय्यानेच. सिलोनमधून आलेले, लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ रेस रिलेशन्सचे संचालक ए. शिवानंदन यांचे त्या लेखातले म्हणणे असे, की वंशभेद ही सत्तेची रचना आहे. त्याला गोऱ्या माणसाच्या मनाचा आजार ठरवले की नोकरी, घर, पोलीस आणि कायदा सगळेच चर्चेतून सुटतात, आणि ज्याने मार खाल्ला तो खोलीत केवळ दुसऱ्याच्या पश्चात्तापाचे साधन म्हणून उरतो. मला हा लेख पूर्णपणे पटतो असे नाही, कारण मनही बदलावे लागतेच. पण कोणतेही प्रशिक्षण आखायला बसले की मी तो पुन्हा वाचते.

पुढे १९९९ मध्ये स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाच्या खुनाच्या पोलीस तपासावरचा मॅकफर्सन अहवाल आला. संस्थेतल्या कोणाच्याही मनात उघड द्वेष नसला तरी नकळत चाललेले पूर्वग्रह, अज्ञान आणि बेफिकिरी मिळून एखाद्या समाजाला न्याय नाकारला जाऊ शकतो, ही संस्थात्मक वंशभेदाची कल्पना त्याने सरकारी भाषेत आणली. मग ‘अजाण पूर्वग्रह’ हे नवे नाव घेऊन प्रशिक्षण परत आले, बहुतेक संगणकावर, अर्ध्या तासात, शेवटी प्रमाणपत्रासह. २०१८ मध्ये समता आणि मानवी हक्क आयोगाने त्याच्या पुराव्यांचा आढावा घेतला. जाणीव वाढते असे दिसले. वागणूक बदलते याचा पुरावा तोकडा निघाला. २०२०च्या डिसेंबरात सरकारने आपल्या नोकरशाहीतून ते बंद करण्याचे जाहीर केले. मला दुःख याचे झाले, की तोकडे औषध काढून घेताना जास्त चांगले औषध कोणी पुढे केले नाही.

या पुस्तकाच्या मध्यभागी मी २०२१चा एक निकाल ठेवला आहे, आणि नवख्या वाचकाने तिथूनच सुरुवात केली तरी चालेल. अले (यूके) या कंपनीतल्या भारतीय वंशाच्या एका कर्मचाऱ्याला सहकारी सारखा टोमणे मारत असे: तुझी जागा कोपऱ्यावरच्या दुकानात, तुम्हा लोकांना मर्सिडीजच हवी, अशा प्रकारचे. कायदा म्हणतो की कर्मचाऱ्याने केलेल्या छळाला मालकही जबाबदार. फक्त तो टाळण्यासाठी शक्य ती सर्व वाजवी पावले उचलली होती, हे मालकाने सिद्ध केले तर तो सुटतो. कंपनीने सांगितले, आम्ही समतेचे प्रशिक्षण दिले होते. टोमणे मारणाऱ्यालाही दिले होते, २०१५च्या सुमारास. अपील न्यायाधिकरणाने ते मान्य केले नाही. प्रशिक्षण शिळे झाले होते, असे ठरले. ते शिळे झाल्याचा पुरावा कोणता, तर टोमणे मारणारा या सगळ्याला गंमत समजत होता, आणि ज्या वरिष्ठांच्या कानावर ते गेले त्यांनी काहीच केले नाही.

शिळे हा शब्द आपल्या स्वयंपाकघरातला आहे आणि नेमका आहे. भाकरी शिळी होते तशी वेळ गेल्याने शिक्षण शिळे होतेच, पण या निकालाने त्याहून महत्त्वाचे सांगितले. शिक्षणाचा कस टोमणा मारणाऱ्याच्या मनात लागत नाही. तो शेजारच्या खुर्चीवर लागतो. तिथे बसलेल्याने ऐकले का, ऐकून काय केले, आणि केले नसेल तर त्याला कशाची भीती होती? गिरणीतला धोटा अस्पृश्य ठेवला तो शेजारच्या साच्यावरच्या माणसाने. फाउंड्रीतले दोन संडास रोज पाहणारे शेकडो जण होते. या अभ्यासशाखेचा खरा विषय हा पाहणारा आहे, असे माझे मत आहे. सगळे सहलेखक त्याच्याशी सहमत नाहीत, आणि त्यांचे आक्षेप त्यांच्या प्रकरणांत वाचायला मिळतील.

मी स्वतः तो पाहणारा माणूस होऊन पाहिले आहे. कित्येक वर्षांपूर्वी, इथल्याच एका कचेरीत, बढतीच्या मुलाखती झाल्यावर आम्ही चौघे टेबलाभोवती बसलो होतो. एका नायजेरियन सहकारी बाईंबद्दल कोणी म्हणाले की काम उत्तम आहे, पण त्या आपल्यात मिसळतील का? सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या वाक्यात काय आहे ते लख्ख दिसले. मी पाण्याचा पेला उचलला आणि प्यायले. त्या बाईंना ती जागा मिळाली नाही. ओळखणे आणि बोलणे यांमध्ये एक पेलाभर अंतर असते, आणि ते जाणिवेने भरून निघत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. मला वंशभेद कळत नव्हता असे नव्हते. माझ्याकडे वाक्य नव्हते. शिवाय माझा करार तीन महिन्यांत संपणार होता.

म्हणून मी ज्या खोल्यांत शिकवते तिथे आता व्याख्यान कमी आणि तालीम जास्त असते. रुग्णालयातल्या परिचारिका, गोदामातले पर्यवेक्षक, संगणक क्षेत्रातली तरुण मुले, सगळ्यांना मोठ्याने वाक्ये म्हणायला लावते. ‘हे मला कळले नाही, पुन्हा सांगाल का?’ हे वाक्य शांतपणे म्हटले की टोमणा मारणाऱ्याला आपलीच गंमत उलगडून सांगावी लागते, आणि ती बहुधा उलगडत नाही. ‘मिसळतील का म्हणजे नेमके काय? कामातले उदाहरण द्या’, हे मला तेव्हा हवे असलेले वाक्य. सगळ्यांना तिथल्या तिथे बोलता येत नाही. रात्रपाळीला एकटी असलेली परिचारिका रुग्णाच्या नातेवाइकाला काय सुनावणार? तिच्यासाठी नंतर सोबत जाणे आहे, तारीख-वेळेसह लिहून ठेवणे आहे, युनियनच्या प्रतिनिधीला गाठणे आहे. आणि ज्यांच्या हातात पाळ्यांचा तक्ता आणि बढतीचा कागद आहे, त्यांची शिकवणी वेगळी आणि कडक असायला हवी. व्हिसा ज्याच्या सहीवर अवलंबून आहे त्या माणसासमोर निर्भय व्हा, असे कोणाला सांगणे मला अप्रामाणिक वाटते.

एक प्रकरण लिहायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला. १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बर्मिंगहॅमच्याच एका शाळेबाबत निकाल दिला होता. पगडी उतरवून केस कापल्याशिवाय प्रवेश नाही, असे एका शीख मुलाला सांगण्यात आले होते. शीख हा केवळ धर्म की वंशसंबंध कायद्याच्या अर्थाने एक जनसमूह, हा प्रश्न होता. सामायिक दीर्घ इतिहास आणि स्वतःची सांस्कृतिक परंपरा असलेला समूह म्हणून लॉर्ड्सनी त्यांना कायद्याचे छत्र दिले. त्याच विचाराचा धागा पुढे २०१४ मध्ये एका अपील निकालात पोहोचला. भारतातून घरकामासाठी आणलेल्या एका स्त्रीच्या खटल्यात न्यायाधिकरणाने म्हटले की जातीच्या आधारे केलेला भेदभाव काही परिस्थितींत वांशिक उगमाच्या व्याख्येत बसू शकतो. जात हा शब्द कायद्यात स्पष्ट घालण्याचे बंधन संसदेने २०१३ मध्ये सरकारवर टाकले होते. २०१८ मध्ये सरकारने ते न करता न्यायालयांच्या निकालांवर विसंबायचे ठरवले. त्यामुळे इथल्या बहुतेक प्रशिक्षणांत जात येतच नाही.

आणि ती कचेरीत मात्र येते. चहाच्या कोपऱ्यात दोन-चार मराठी माणसे जमलेली असतात. नव्याने रुजू झालेल्या मुलाला कोणी प्रेमाने विचारते, ‘आडनाव काय म्हणालास?’ तो सांगतो. मग, ‘मूळ गाव कुठलं?’ मग, ‘गावात घर कुठे, म्हणजे कोणत्या बाजूला?’ तिसऱ्या प्रश्नाला त्याचा आवाज किंचित बदलतो. शेजारी उभ्या असलेल्या इंग्रज, जमैकन, पाकिस्तानी सहकाऱ्यांना काहीच जाणवत नाही. त्यांच्या दृष्टीने गाववाले भेटले आहेत. पुढच्या आठवड्यात शनिवारच्या जेवणाचे बोलावणे त्या मुलाला येत नाही, आणि महिन्याभराने चांगला प्रकल्प दुसऱ्याला जातो. जगातले उत्तमातले उत्तम इंग्रजी प्रशिक्षणही त्या कोपऱ्यातला तिसरा प्रश्न ऐकू शकत नाही. तो ऐकू येणारे तिथे फक्त आपण असतो.

शेवटच्या प्रकरणातली सरावाची वाक्ये म्हणूनच आम्ही मराठीत लिहिली आहेत, भाषांतर करून नव्हे. ती बोलायला अवघड जातात. तालमीत आमच्यापैकी काही जण दुसऱ्या शब्दावरच थांबले. वाचकांनी ती मोठ्याने म्हणून पाहावीत, शक्यतो कोणाच्या तरी समोर, आणि आपण कुठल्या शब्दाला अडलो ते आम्हाला कळवावे.